मास्तरांच्या वहीतलं कडं

मास्तर गेले, हे मला कनेरगाव नाक्यावर चहा पिताना कळलं. सांगणाऱ्याला मी म्हणालो, खोटं बोलू नको... तीन आठवडे झाले त्याला. मी चौथी शिकलेला माणूस, पण मास्तरांबद्दल लिहायचा हक्क माझ्याएवढा कुणाला न्हाई.

सत्तेचाळीसचं साल, निजामाचं राज्य. मास्तर शिरड शहापूरकडच्या विहिरींतून नेचे गोळा करायचे, अन दोराला धरून आत उतरायचो मी. विहिरीच्या भिंतीला, दगडांच्या फटीत, फूल न येणारं नाजूक पानाचं झाड असतं, तो नेचा. ते सांगत, पानावर भुलू नको, पान सावलीत एक अन उन्हात दुसरं. खरी ओळख फटीत सरपटणाऱ्या आडव्या खोडात. त्याच्यावरचे खवले भिंगातून बघायचे, रंग कोणता, कड साफ का दातेरी. मग खोड आडवं कापायचं. आत ठिपक्यांचं कडं दिसतं, ते मास्तर वहीत काढायचे.

त्या वहीनंच घात केला. चौकीवर झडती झाली, अन गोल कडं, त्यावर सात ठिपके बघून जमादाराला तो गढीचा नकाशा वाटला. ठिपके म्हणजे पहारे. त्या दिवसांत असल्या कागदापायी धरून नेलेली माणसं परत येत नव्हती. पिशवी उलटी केली, बुटाखाली पानांचा भुगा झाला. उरले बोटाएवढे खोडाचे तुकडे, सगळे एकात एक. मास्तरांचे हात बांधले, बोलायची मनाई केली. माझा अवतार बघून जमादार मला म्हणाला, "तू अनपढ है, झूठ नहीं बोलेगा. काट के दिखा, ये चित्तर किसका."

त्या चित्राच्या नेच्याचे खवले तांबूस, एवढं मला आठवत होतं. तांबूस खवल्यांचा एक तुकडा उचलला, कापला, भिंग पुढं केलं. जमादारानं भिंगात पाह्यलं, वहीत पाह्यलं, परत भिंगात पाह्यलं... "बराबर है," तो म्हणाला, अन आमाला सोडलं.

आयुष्यभर मी हे छाती काढून सांगितलं. मागल्या दिवाळीत मास्तरांच्या खाटेजवळ बसून परत सांगत होतो, तर ते हळूच म्हणाले, "केरबा, तू रंग पाहिलास, कड पाहिली नाहीस. उचललास तेव्हाच मला कळलं, तुकडा दुसराच आहे. त्याच्यात ठिपके पाचच असतात. त्यानं मोजले नाहीत."

मी भांडलो. सातच होते म्हणून उठून आलो. तीच शेवटची भेट. आता भाकर मोडताना, बैल सोडताना, तो जमादार एकेका ठिपक्यावर बोट ठेवून मोजायला लागतो.

चाकू धरला तेव्हा मी मास्तरांकडं पाह्यलं होतं. ते हसले होते. मला वाटलं, शाबासकी देऊन राहिले.