झऱ्यातला भात

आमच्या डोंगरात रस्ता संपतो तिथे गंधकाच्या वासाचा उकळता झरा आहे. त्याला लागूनच थंडगार ओढा वाहतो. दोघांचा उगम एकाच कातळात, हे मला अजून पटत नाही.

देवीच्या दिवशी प्रत्येक घर तांदळाची पुरचुंडी झऱ्यात शिजायला सोडतं. वाटणीत दादाने मला खडकाळ जमीन दिली, तेव्हापासून आमच्या पुरचुंड्या दोन. यंदा तो समोर दिसताच मी रागाने माझी वर ओढली. तांदूळ कच्चेच होते.

"भावोजी, झऱ्याशीही घासाघीस? तो काही लवकर शिजवून द्यायचा नाही!" वहिनी म्हणाली.

दादाने आपला भात माझ्या पानावर वाढला. ती जमीन मी विसरलेलो नाही. पण पान मीच पुढे धरलं होतं.