पाहुणा, सोयरा आणि यम

सन एकोणीसशे त्र्याऐंशी, माझं वय एकसष्ट, आणि माझ्या व्याह्यांइतका भित्रा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. गोठ्याशी वाघ आला तर काठी आपटून हाकलणारा हा गडी, पण जेवताना तांब्या लवंडला तरी पाय वर घेऊन बसायचा. माझी पोरगी त्यांच्या घरात दिलेली, घर नदीला सगळ्यात जवळ, म्हणून मी हसायचो ते जरा जास्तच मोठ्यानं. नदीपासून दारापर्यंत त्यांनी तीन काठ्या रोवल्या होत्या, त्यांची नावं पाहुणा, सोयरा आणि यम. "पाहुना भिजला का चहा ठेवाचा, सोयरा भिजला का गावाले हाळी द्याची. यम भिजला का मंग काई करा लागत नाई," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावीत.

सरकारनं पुराचा बांध घातला, पण नेमकं त्यांच्या घरासमोर खिंडार राहिलं. तिथं दोन बोरी आणि गवत, पण कागदावर झुडपी जंगल, आणि नव्या कायद्यानं तिथं माती टाकायला दिल्लीची परवानगी लागे. त्याआधी पाहणी. बांधाचे साहेब येत तेव्हा जंगलाचे नसत, जंगलाचे येत तेव्हा तहसिलीचे नसत. शेवटी व्याह्यांनी ब्याऐंशीच्या दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, तिघांनाही बोलावलं, प्रत्येकाला सांगितलं, अध्यक्ष तुम्हीच. मांडव घातला थेट खिंडारात. तीन अध्यक्ष एका खुर्चीकडे बघत उभे राहिले. व्याही हात जोडून म्हणाले, "रागावू नोका साहेब, दुसऱ्या कशानं तुमी एका जागी येत नाई. पाहून घ्या, मंग वडे खाऊ." सगळ्यांत आधी जंगलाचे साहेब हसले. दोन वर्षं अडलेली पाहणी एका दुपारी उरकली. परवानगी पुढं काही वर्षांनी आली, खिंडार भरलं, पण तेव्हा व्याही राहिले नव्हते. त्र्याऐंशी साली तर पाऊसच कागदाआधी आला.

भादव्यात नदी फुगली. जावई कामाला परगावी, म्हणून मी पोरीला न्यायला पोचलो तेव्हा पाहुणा दिसत नव्हता.

"चाल," मी म्हणालो.

"मामाजी उठत नाई, बाबा. ते गेले तं गावाले हाळी कोन देईन? त्याहिले सोडून मी नाई येत."

माझीच पोर, हट्टात कमी कशी असणार. मग मीही ओसरीवर बसलो. सोयरा बुडाला, व्याह्यांनी हाळी दिली, गाव टेकडीवरच्या शाळेत गेलं. आमची वाट तोवर पाण्याखाली गेली, आम्ही तिघं राहिलो. पाणी यमाच्या बुडाला लागलं, वर चढू लागलं, त्याचा आवाज चुलीपर्यंत येत होता.

"हात द्या, व्याही," ते म्हणाले.

"भेव लागून राह्यलं काय?"

"मले तं रोजच लागते. तुमचा कापून राह्यला, म्हनून म्हनलो."

मी हात दिला. यम अर्धा भिजला आणि पाणी तिथंच थांबलं.

सकाळी नदी उतरली होती. व्याही ओसरीवर बसल्या जागी घोरत होते, पाय वर घेऊन. मी त्यांना उठवलं नाही. अंगणात गेलो. यम वाकला होता. तो सरळ केला, बुडाशी माती घातली आणि पायानं घट्ट दाबली.