धुतलेलं धुणं

गावात तिला सगळे भट्टीबाई म्हणत. एक तर धंदा कपडे धुण्याचा, त्यात डोकं कायम तापलेलं. तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण तिला ते ठाऊक होतं, आणि मनातल्या मनात आवडतही होतं.

उमेदीची वर्षं तिनं शहरातल्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात काढली. गावी परतली तेव्हा गावच्या मंडळानं बंद पडलेल्या दूध केंद्रात म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे आणि अंथरुणाला खिळलेल्यांचे कपडे धुऊन द्यायची सोय नुकतीच काढली होती. पांढऱ्या फरशांची खोली, मधोमध पाण्याची मोरी, दोन मशिनं आणि इस्त्रीचं एक लंगडं टेबल. थोरलं मशीन कपडे पिळायला लागलं की थरथरत निघायचं आणि थेट दाराशी यायचं, जणू नाटकात आता याचाच प्रवेश आहे. मेकॅनिक आला, नकारार्थी मान हलवली आणि गेला. भट्टीबाईनं मशीनच्या पायाशी दोन विटा ठोकल्या आणि "बस खाली!" म्हणून असा आवाज लावला की मशीन तर बसलंच, बाहेरचा कुत्राही बसला.

आठवड्यातून एकदा धाकट्या दिराच्या टेम्पोतून ती घरोघर जाई, मळक्या कपड्यांची बोचकी उचली आणि मागच्या खेपेचे धुतलेले कपडे घडी करून परत देई. ऐकायला सोपं वाटतं. पण माणसं कपड्यांबरोबर काय काय पाठवत! चष्मे, औषधाच्या गोळ्या, अर्धवट खाल्लेलं बिस्किट. एकदा उशीच्या अभ्र्यातून कवळी निघाली. ती हातात घेऊन भट्टीबाई अख्खं गाव फिरली. ज्याची होती तो म्हणाला, "माझी नव्हे बुवा," आणि बोलता बोलता तोंडात बसवून मोकळा झाला.

हे सगळं तिनं शिव्या देत सोसलं. पण वरच्या आळीतल्या पोस्टमनकाकांपुढे तिनं हात टेकले.

काका निवृत्त होऊन जमाना झाला होता. घरात ते आणि काकू. काकूंना अलीकडे काही आठवेनासं झालं होतं. दिवस की रात्र, माहेर की सासर, सगळ्याचा काला. रात्री अंथरूण ओलं होई. चादरी धुवायला म्हणून तर मंडळानं ते घर फेरीत घेतलं होतं. पण दर आठवड्याला काकांच्या पिशवीतून निघायच्या त्या धुतलेल्या चादरी! ओलसर, घडी घातलेल्या, साबणाचा वास मारणाऱ्या.

"काका, हे काय?"

"धुणं."

"हे धुतलेलं आहे!"

"मग बरंच की. तुझे कष्ट वाचले."

त्यांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. एकदा मोरीत पाय घसरून कोपर काळंनिळं झालं, तर म्हणाले, दार लागलं. भट्टीबाईनं समजावलं, दटावलं, हात जोडले. काका ढिम्म. एकदा फक्त एवढंच बोलले, "अगं, हिचं पांढरंशुभ्र धुणं दोरीवर पडलं की शेजारच्या बायका लाजून आपली दोरी आवरून घ्यायच्या. त्या बाईची असली चादर मी चव्हाट्यावर पाठवू?"

त्यापुढे काय बोलणार? तरी ती बोललीच. पण उपयोग शून्य.

आणि आता मंडळाच्या सेक्रेटरीनं वेगळंच काढलं. ती फेरीवर निघायच्या तयारीत असताना तो केंद्रात आला.

"त्या पोस्टमनच्या घरून धुतलेले कपडे येतात म्हणे?"

"तुम्हाला कोण बोललं?" म्हणत तिनं दिराकडे पाहिलं. दीर टायर तपासायला वाकला.

"हे बघा बाई, खालच्या आळीत एक जण पाय मोडून पडलाय. त्याला फेरीत जागा हवी. ज्यांना स्वतः धुता येतं त्यांनी कशाला अडवायची? आज पिशव्या मी समोर उभा राहून बघणार. त्यांची धुतलेली आली तर ते घर बंद."

माणूस वाईट नव्हता, म्हणून तर ती जास्त चिडली. वाईट असता तर त्याला चार शब्द सुनावून मोकळी झाली असती. घर बंद झालं तर काय होणार, हे तिला लख्ख दिसत होतं. ऐंशी उलटलेला म्हातारा ओल्या चादरी पिळत बसणार, पुन्हा घसरणार, आणि मग काकूंना बघायला कोण?

टेम्पोत बसल्या बसल्या तिनं आधी दिराचा समाचार घेतला. "भावजी, तुमच्या तोंडाला पण दोन विटा लावायला हव्यात."

"वहिनी, मी सहज बोललो हो."

"तुम्ही सहजच बोलता. निस्तरायचं मी!"

पोस्टमनकाका दारातच उभे होते, हातात पिशवी. तिनं हात लावला. ओली! झालं. भट्टीबाईचा पारा चढला तो चढलाच. पिशवी हिसकावून ती बैठकीत शिरली, आतली चादर ओढून काढली आणि उजेडात दोन्ही हातांनी फडकावली, जणू पडदाच उघडला.

"मळके कपडे द्या हो काका! जन्मभर लोक मला म्हणाले, स्वच्छ कर, स्वच्छ कर. आज मी भीक मागतेय, मला घाण द्या! नाहीतर पुढच्या आठवड्यापासून हा टेम्पो तुमच्या दारात येणार नाही!"



खिडकीपाशी खुर्चीत काकू बसल्या होत्या. कुणी आलं-गेलं तरी एरवी मान न वळवणाऱ्या. त्या उठल्या. सावकाश आल्या, चादरीचा काठ चिमटीत धरला, उजेडाकडे नेला, वास घेतला.

"हे कुणी धुतलं?"

भट्टीबाई म्हणणार होती, "मी." पण धंद्याची अब्रू आड आली.

"कुणी धुतलं, विचारतेय."

"मी," काका म्हणाले.

"तुम्ही?" काकूंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "साबण तसाच ठेवलाय. डाग घासून घासून पसरवलाय. अहो, ही दोरीवर घातली तर लोक मला काय म्हणतील? शी!"

इतके दिवस बायकोची लाज राखायला राबलेला तो माणूस, आणि बायकोला लाज वाटत होती ती त्याच्या धुण्याची!

काकू मोरीकडे गेल्या आणि पहाटेची भिजत टाकलेली चादर बादलीतून तशीच ओढत घेऊन आल्या. बैठकभर पाण्याचा ओहोळ, आणि वास असा की सांगता सोय नाही. चादर आपलीच आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"ए मुली, ही पण ने. आणि या माणसाला पुन्हा हात लावू देऊ नकोस."

"नाही लावू देत, काकू," भट्टीबाई म्हणाली. मग काकांकडे वळून ओरडली, "ऐकलंत? आता फडकं आणा, हे पुसायचं कुणी?" आवाज नेहमीइतका चढला नाही.

केंद्रात सेक्रेटरी वाट पाहत होता. तिनं पिशवी त्याच्या नाकाखाली धरून उघडली. "वरच्या आळीतली. नीट बघा, साहेब. जवळून बघा." साहेब दोन पावलं मागे सरले ते भिंतीला टेकले. "राहू दे, राहू दे ते घर," नाकावर रुमाल धरून ते म्हणाले.

पुढच्या खेपेला काकांनी पिशवी दिली, ती मळकी. अगदी हवी तशी. आत चादर न धुतलेली, पण स्वतःचे सदरे मात्र धुऊन, पिळून, वर ठेवलेले!

"काका!"

"सदरे माझे आहेत. त्यात तिची काय लाज?"

भट्टीबाईनं कपाळावर हात मारला. एवढ्यात आतून काकू आल्या, हातात मागच्या खेपेची धुतलेली चादर.

"ए मुली, ही घडी कुणी घातली? काठाला काठ नाही."

"मी घातली," भट्टीबाई म्हणाली. शहरातल्या इस्पितळात तिच्या घडीवर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"मोड. पुन्हा घाल. माझ्यासमोर."

बाहेर दीर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता, अजून निम्मं गाव राहिलं होतं. दात-ओठ खात तिनं चादर उलगडली आणि एक टोक काकूंच्या हातात दिलं.