एकवीस अक्षता, एक गोल

चहा घेतला ना सगळ्यांनी? मग ऐका. ही फजिती मीच सांगितलेली बरी, कारण गल्लीतल्या बायका सांगतात तेव्हा जेवायला बसलेल्यांची संख्या दरवेळी वाढत जाते.

आमचा निखिल कॅनडात टीव्हीच्या कामात लागला. तिकडे बर्फावर हॉकी खेळतात, ती टीव्हीवर दाखवायचं काम. सहा महिने कच्ची नोकरी. जमलं तर कायम, नाही तर सामान बांधून परत चंद्रपूर. फोनवर म्हणाला, "आई, मी ट्रकमध्ये बसतो."

आमचे हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक का कमी होते? ट्रकात बसाले कॅनडात काऊन गेला?"

तो पुढे समजावत होता. ट्रक स्टेडियमबाहेर उभा असतो, सगळे कॅमेरे त्याला जोडलेले असतात, आत बसून मी अमुक करतो. पण माझ्या तुळशीला एकशे आठ प्रदक्षिणा चालल्या होत्या, चौऱ्याहत्तरावी सुरू होती. मध्ये बोललं की आकडा चुकतो. म्हणून मी नुसतं "हं, हं" करत फिरत राहिले, आणि नेमकं तो काय करतो तेवढंच ऐकायचं राहिलं.

मोजण्याच्या बाबतीत मी फार काटेकोर हो! लाख वाती वळल्या तेव्हा एक वात कमी नाही की जास्त नाही. हे लक्षात ठेवा.

तर निखिलचे सहा महिने संपत आले. शेवटची मॅच उरली होती. मी महाकालीपुढे पदर पसरला. "माय, पोराची नोकरी कायम होऊ दे. त्याची टीम जितके गोल करील, तितक्या सवाशिणी जेवू घालीन." माझा विचार सरळ होता. टीम जिंकली की चॅनेलवाले खूश, चॅनेलवाले खूश की निखिल कायम. चुकलं का काही?

तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. साडेसातला मॅच. मी सहालाच न्हाऊन, देवपूजा आटोपून टीव्हीसमोर पाट मांडला. निखिलने पाठवलेलं ते ॲप ह्यांनी लावून दिलं आणि हे फिरायला गेले. माझ्यासमोर एक रिकामी वाटी आणि मूठभर अक्षता. एक गोल, एक अक्षत.

आणि काय ते दृश्य, अहाहा! मी हात जोडले, खोटं कशाला बोलू? उन्हाळ्यात ज्या गावात चपलेचा तळ पातळ होतो त्या गावातली मी बाई, आणि समोर एवढं मोठं मैदान, सगळं बर्फाचं! त्यावर माणसं पायांत पाती बांधून अशी सरकतात, जशी काही त्यांना जमीन लागतच नाही. अनरशाएवढी काळी चकती, ती काठीने मारायची. गोल झाला की जाळीमागे लाल दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. मधल्या सुट्टीत एक गाडी येते आणि आपण शेणाने अंगण सारवावं तसा तो बर्फ सारवून जाते. इतकं सुरेख सारवणं माझ्या सासूबाईंनाही जमलं नसतं.

आणि आमचे, म्हणजे निखिलच्या गावचे, निळे कपडेवाले तर सुरुवातीपासूनच पेटले होते! मॅच सुरू व्हायच्या आधीच ढोल, नगारे, धूर, आणि धडाधड गोल. लाल दिवा, अक्षत. लाल दिवा, अक्षत. सहा गोल तर मी पाटावर नीट मांडी घालायच्या आत झाले. समोरच्यांचे कपडे मात्र सारखे बदलत होते. कधी लाल, कधी पिवळे, कधी पांढरे. मला वाटलं, बर्फात पडून ओले होत असतील बिचारे.

मग पांढरे कपडेवाले एकदाचे तेच राहिले. त्यांनीही बरेच गोल केले, पण ते मी मोजले नाहीत. त्यांचं त्यांच्या आयांनी बघावं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखे दोन आकडे दिसत होते. मला त्यांचं नवल वाटलं नाही. आपल्याकडे मे महिन्यात बातम्यांच्या कोपऱ्यात सेहेचाळीस, सत्तेचाळीस असं येतच असतं. इथे आधी शून्य आणि एक होते, शेवटी एक आणि तीन झाले. मी म्हटलं, दोन्ही गावांचं तापमान दाखवतायत. एक डिग्री! निखिल, बाळा, स्वेटर घाल रे!

मध्ये एकदाच उठले. नैवेद्याच्या भाताच्या तीन शिट्ट्या झाल्या, म्हणून गॅस बंद करायला गेले. परत येते तो निळ्यांनी सपाटाच लावलेला! एक गोल डावीकडून, एक उजवीकडून, एक जाळीच्या वरून, एक तर इतक्या सावकाश केला की चकती हवेत तरंगत गेली आणि गोलकीपर नुसता बघत राहिला. मला भरून आलं. देवी स्वतः त्या काठीत शिरली होती, दुसरं काय?

मॅच संपली. वाटीत अक्षता मोजल्या. एकवीस! आकडासुद्धा शुभ. तेवढ्यात निखिलचा मेसेज आला, "झालं आई. छान झालं." आणखी काय पाहिजे?

नोकरीचं आपल्या शुक्रवारी कळणार होतं. पण देवीला ताटकळत कशाला ठेवा? मी शुक्रवारचंच एकवीस सवाशिणींना बोलावणं धाडलं. पुरणपोळी, वडे, कढी, वांग्याची भाजी. शेजारच्या सुनंदाताई शाळेत खेळाच्या शिक्षिका. त्यांच्याकडे बुद्धवंदना असते, व्रतवैकल्यं नसतात. तरी मी गेले.

त्या म्हणाल्या, "मंदाबाई, नवसावर माझा विश्वास नाई. पण तुमच्या पुरणावर पूर्ण आहे. येतो."

पंगत बसली. निखिलचं काम सगळ्यांनी पाहावं म्हणून मी तीच मॅच पुन्हा लावून दिली, निळ्यांचा सपाटा सुरू झाला तिथून. वाढता वाढता सांगत होते, "आता बघा, आता धडाधड होते!"

लाल दिवा लागला. मी ओरडले, "हा एक!" पुन्हा लागला. "हा दोन!" पुन्हा. "हा तीन!"

सुनंदाताईंचा घास हातातच राहिला. "मंदाबाई, हा तोच गोल आहे."

"तोच कसा? मघाशी डावीकडून होता."

"कॅमेरा डावीकडून होता, बाई. गोल एकच. परत परत दाखवून राह्यले ना!"

"आणि सुरुवातीचे? मॅचच्या आधीचे सहा?"

"ती जाहिरात होती. लोकांनी मॅच पाहावी म्हणून जुन्या मॅचमधले गोल दाखवतात. थांबा, मॅच शेवटाले नेतो. कोपऱ्यात पाहा, गोल मोजले आहेत, एक आणि तीन. तुमचे निळे हरले."

"ते तापमान आहे!" मी म्हटलं.

एकवीस बायका हसल्या हो! कढीच्या वाट्या हिंदकळल्या. पण मी तुपाची वाटी घेऊन तशीच देवघराकडे वळले. हरले? म्हणजे निखिल परत येणार? आणि नेमका त्याच क्षणी त्याचा व्हिडिओ कॉल.

"आई! कायम केलं मले!"

"अरे, पण तुमी तर हरले!"

"मी थोडीच खेळतो, आई? तुले सांगितलं होतं ना! गोल झाला की तो वेगवेगळ्या कॅमेऱ्यातून परत दाखवायचा, हेच माझं काम. साहेब म्हणाले, तू दाखवतो तर गोल नव्यानं झाल्यासारखा वाटते."

मग सुनंदाताई म्हणाल्या, "तुझ्या साहेबाले सांग, इथी एकवीस ताटं पुरावा म्हणून मांडले आहेत!"

मी फोन छातीशी धरला. डोळ्यांत पाणी. माझं पोर तिकडे काळोख्या ट्रकमध्ये बसून एका गोलाचे इतके गोल करतं, की इकडे चंद्रपुरात त्याच्या आईची मोजदाद चुकते! केवढी ही विद्या!

आमचे हे मात्र दारात उभे राहून हिशेब करत होते. "एक सांग. एक गोल तर खरा झाला ना? तो होताना तू पाह्यला काय?"

सुनंदाताईंनी मॅच मागे नेली. निळ्याने चकती मारली, दिवा लागला, भोंगा वाजला. मी बघतच राहिले. हे तर मी पाहिलंच नव्हतं! तेव्हा मी कुकरपाशी होते.

म्हणजे एकवीस अक्षतांतली एकसुद्धा खरी नाही, आणि जी खरी ती वाटीत पडलीच नाही!

"मग नवस फिटला कुठी?" हे म्हणाले. "खऱ्या गोलाची सवाशीण उपाशीच आहे."

बायकांनी इकडेतिकडे पाहिलं. सकाळपासून उपाशी अशी घरात एकच बाई उरली होती. सुनंदाताईंनी माझ्या हातातली तुपाची वाटी काढून घेतली, पाट मांडला आणि म्हणाल्या, "बसा, खऱ्या गोलवाल्या!"

मी बसले. कुणी पोळी वाढली, कुणी भात, कुणी वरून तूप. पहिला घास उचलला. समोर टीव्हीवर निखिलने तोच गोल जाळीच्या वरून पुन्हा दाखवला, लाल दिवा लागला,

आणि माझ्या डाव्या हाताने, मला न विचारता, पानातलं भाताचं एक शीत उचलून रिकाम्या वाटीत टाकलं.