पान चौदाची जबाबदारी

श्री. शमुवेल रणपिसे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात. मी तिथे मराठी-हिंदी टंकलेखन करीत असे, आजही करतो. सरांनी हाताने लिहिलेली चार पाने माझ्यापुढे ठेवली. मी ती टंकून दिली, तेव्हा ते तिथेच उभे राहून ओळन् ओळ वाचू लागले. मागे रांग लागली. वाचून झाल्यावर चष्मा काढून त्यांनी मला विचारले, "पंतप्रधानांना कोण नेमतं?"

"राष्ट्रपती," मी म्हणालो. नुकतेच टंकले होते.

"आणि राष्ट्रपती कोणाच्या सल्ल्याने वागतात?"

"मंत्रिपरिषदेच्या."

"मग मोठं कोण?"

दुकानाचे मालक वैतागले. "अंकल, टाइप करवाने आए हो या इंटरव्ह्यू लेने?" सर मनापासून हसले आणि मला म्हणाले, "रविवारी सकाळी घरी या. उत्तर मिळेल, चहाही मिळेल."

मला 'या' म्हणणारे दिल्लीतले ते पहिले गृहस्थ. मी अकरावी अर्धवट सोडून लक्ष्मीबाई नगरात मामांकडे आलो होतो. मामा सरकारी नोकरीत. त्यांच्या ओळखीचे सगळे साहेब मला 'अरे' म्हणत. सर मात्र सर्वांनाच अहो-जाहो करतात, हे मला पुढे कळले.

त्या रविवारी मिळालेले उत्तर मी आजवर विसरलेलो नाही. "मोठं कोण, हे घटनेने सांगितलेलंच नाही. कोणी कोणाला उत्तर द्यायचं, एवढंच सांगितलंय."

या गौरवग्रंथाचे बहुतेक वाचक सरांच्या दिवाणखान्यात बसलेले आहेत, तरी नव्या वाचकांसाठी लिहितो. संसदेच्या कामकाजाशी संबंधित एका कार्यालयात सरांनी आयुष्यभर नोकरी केली. निवृत्तीनंतर महाराष्ट्रातून स्पर्धा परीक्षांसाठी आलेल्या मुलामुलींना ते दर रविवारी राज्यघटना शिकवतात. फळा नाही. खुर्च्यांच्या रांगा म्हणजे सभागृह आणि समोरचा दिवाण म्हणजे सरकार. रांगेतल्या एकाला उठवून ते दिवाणावर बसवतात. लगेच कोणीतरी त्याच्या रिकाम्या खुर्चीवर सरकू लागतो, की सर थांबवतात. "ती खुर्ची त्यांचीच आहे. मंत्री आकाशातून पडत नाहीत, याच रांगेतून उठून तिथे बसतात. आणि या रांगेला नको झाले, की परत इथेच." कायदे करणारे आणि कारभार करणारे यांच्यातले नाते मी असे डोळ्यांनी पाहिले. एवढ्या मोठ्या देशाचा कारभार ज्यांच्या हाती, त्यांना उभे राहून कुणा एका खासदाराच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, या विचाराने त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला होता. अजूनही येतो.

सरांच्या वर्गाचा पहिला तास म्हणूनच प्रश्नोत्तरांचा. तेव्हा दिवाणावर स्वतः सर बसतात आणि त्यांना कोणीही काहीही विचारावे. सर 'बघतो' म्हणाले, की त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून ओरडतात, "लिहा रे वहीत!" मंत्र्याने सभागृहात 'बघतो' म्हटले, तरी ते आश्वासन धरले जाते आणि तीन महिन्यांत पुरे करावे लागते. ते पुरे झाले की नाही, हे तपासण्याच्या कामात सरांची बरीच नोकरी गेली. तोच नियम त्यांनी घरात आणला. एका निळ्या वहीत त्यांची सगळी 'बघतो' तारखेनिशी लिहिलेली आहेत: कुणाला खोली शोधून देणे, कुणाच्या वडिलांशी फोनवर बोलणे. पुरे झाले की लाल रेघ. मी एकदा सहज 'बारावीला बसेन' म्हणालो, तर तेही वहीत चढले. त्यावर मी आतापर्यंत तीनदा लेखी मुदतवाढ घेतली आहे. सर प्रत्येक वेळी कारण विचारतात आणि मी खरे कारण लिहितो: भीती वाटते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

सरांची टिपणे टंकण्याचे काम माझ्याकडे आले. मी प्रत्येक पान तीनदा तपासत असे. पान चौदावर सरांनी लिहिले होते की मंत्रिपरिषद सामुदायिकरीत्या लोकसभेला जबाबदार असते. त्याआधीच्या चार ओळींत 'संसद' असा शब्द होता. मला वाटले, सरांकडून घाईत राहून गेले. सगळे एकसारखे दिसावे म्हणून मी तिथेही 'संसदेला' केले. टिपणे छापून वाटली गेली.

पूर्वपरीक्षा तोंडावर आली असताना उदगीरची तबस्सुम शेख प्रश्नोत्तरांच्या तासाला उभी राहिली. ती एरवी फारशी बोलत नसे. "सर, दुसऱ्या क्लासच्या सराव परीक्षेत मी पान चौदाप्रमाणे लिहिलं. तिथल्या सरांनी सगळ्यांसमोर पेपर वाचून दाखवला. म्हणाले, कौनसे स्कूल से आई हो? सर, मी आता कशावर विश्वास ठेवू?"

मी मागे नव्या प्रतींचा गठ्ठा घेऊन उभा होतो. सरांनी पान घेतले, वाचले. त्यांचे मूळ हस्तलिखित बाजूच्याच कपाटात होते. ते काढून दाखवले असते, तर दोन मिनिटांत सगळे स्पष्ट झाले असते आणि माझे काम गेले असते.

सर उभे राहिले. "पान चुकीचं आहे. टिपण माझ्या नावाने निघालं, चूक माझी. तबस्सुमबाई, मी आपली माफी मागतो."

मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "सर, सच बताइए, खात्यातल्या कोणत्या अधिकाऱ्याने केली?" सगळे हसले.

"सभागृहात अधिकाऱ्याचं नाव घेत नाहीत," सर म्हणाले. "काम कोणीही केलेलं असो, उत्तर मंत्र्याने द्यायचं."

सगळे गेल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावले. "का बदललंत?"

"एकसारखं दिसावं म्हणून."

"अहो, घटनेने दोन सभागृहं केली ती एकसारखी नसावीत म्हणूनच ना? सरकार पाडायचा अधिकार लोकांनी थेट निवडलेल्या सभागृहाला. राज्यसभा प्रश्न विचारेल, विधेयक अडवेल, सरकार पाडणार नाही. तुमच्या त्या एका शब्दाने मतदाराच्या हातातली दोरी ढिली झाली." आवाज चढला नव्हता. मग ते म्हणाले, "उद्यापासून पुढची टिपणं. आणि शंका आली तर विचारायचं."

ज्यांच्याकडे प्रती गेल्या होत्या, त्या सर्वांना सरांनी स्वतः फोन केले. पानिपतला नोकरीला लागलेला एक जुना विद्यार्थी तिथे चार मुलांना तीच टिपणे शिकवत होता. तो फोन उचलेना. सर सत्तरीचे, तरी मला घेऊन बसने निघाले. काकू दारात म्हणाल्या, "मराठी माणसांनी पानिपतावर जाताना जरा विचार करावा!" सर म्हणाले, "या वेळी तह करूनच येतो." तिथे त्यांनी चारही प्रतींवर दुरुस्तीची पट्टी स्वतः चिकटवली. तबस्सुमबाई पुढच्या वर्षी पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाल्या.

हा ग्रंथ टंकण्याचे काम माझ्याचकडे आले. यातल्या दोन लेखांत सरांच्या नम्रतेचा दाखला म्हणून लिहिले आहे की 'पान चौदावर सरांच्याही हातून चूक झाली होती'. मी तो मजकूर जसाच्या तसा ठेवला. दुसऱ्याच्या लिहिण्यात शब्द बदलायचा नाही, हे शिकलो आहे. म्हणून संपादकांना विनंती करून ही वेगळी जागा मागितली. पान चौदा माझे आहे. सरांचे नव्हते. इतकी वर्षे मी गप्प राहिलो, त्यातली पहिली काही भीतीने आणि नंतरची लाजेने. अधिकाऱ्याने सभागृहात बोलायचे नसते, असे सर म्हणतील. पण सरांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात त्यांच्या नावावर माझी चूक छापली जावी, हे मला सोसणार नाही.

सोबत बारावीचा अर्जही भरला आहे. पोच वहीत लावावी.

समारंभात कोणीतरी सरांना शंभर वर्षे जगा, ठणठणीत राहा असे म्हणेलच. माझीही तीच प्रार्थना आहे. सर संकोचाने हसतील आणि सवयीप्रमाणे 'बघतो' म्हणतील. मी पहिल्याच रांगेत असेन. निळी वही काकूंकडून आधीच मागून घेतली आहे.