पडद्याखालची अक्षरं

चित्रपट महोत्सवात त्या दुपारी पोलंडचा सिनेमा होता. शेजारच्या वृद्ध गृहस्थांना पडद्याखालची अक्षरं दिसत नव्हती. "काय म्हणाली ती?" ते हळूच विचारत आणि मी सांगत असे. मागून कुणीतरी "शूऽऽ" केलं, तसा मी ओशाळून गप्प झालो. आठवडाभर देशोदेशीची दुःखं बघत होतो, पण शेजारच्या माणसाला एक वाक्य सांगायची लाज वाटली. ते नुसते चेहरे बघत राहिले.

दिवे लागल्यावर म्हणाले, "शेवटी मुलीचं पत्र आलं ना? काय होतं त्यात?"

मुलगी कधीच परतणार नव्हती. माझ्याच्यानं सांगवेना.

"येतेय म्हणून लिहिलंय," मी म्हणालो.

"मग आई का रडली?"

मी खाली वाकून माझी पिशवी शोधू लागलो.

"आनंदानं असेल," तेच म्हणाले आणि काठी चाचपत उठले.