खिडकीतला हिरवा दिवा

खिडकीतल्या पेटीचा हिरवा दिवा लुकलुकला की कुणाचा तरी निरोप माझ्या घरातून पुढे जातो. वाडीत रेंज येत नाही, म्हणून फोनवरचा निरोप एका घरातून दुसऱ्या घरात पोचवणाऱ्या या पेट्या आम्ही घरोघरी बसवल्या. मधे कंपनी नाही, मालक नाही. शेजाऱ्याचं बोलणं न वाचता पुढच्या घराला द्यायचं, एवढाच विश्वास.

हद्दीच्या दगडी गडग्यावरून भांडण झालं तेव्हा शेजारच्या सुमनवहिनी म्हणाल्या होत्या, "तुमच्या दारात पाय ठेवणार नाही." पाय ठेवत नाहीत, पण त्यांचं बोलणं रोज माझ्या घरातून जातं. आज दिवा लुकलुकला आणि माझा हात पेटीच्या बटणाकडे गेला. पेटी बंद करून त्यांचा निरोप अडवला तर कुणाला कळणार आहे?

मग वाडीच्या त्या टोकाला कामाला गेलेल्या मुलाची आठवण झाली. "जेवलास का?" एवढंच त्याला पाठवलं. पलीकडे वहिनींच्या खिडकीतला दिवा लुकलुकला. त्यांचा हात आत्ता कुठे असेल?